फिलेमोनास आलेलें पत्र

दुसऱ्याच्या नांवाचें पत्र उघडूं नये, असा शिष्टाचार आहे. परंतु ख्रिस्ती धर्माच्या नव्या करारांतील २७ ग्रंथांपैकीं २१ ग्रंथ पत्ररूप आहेत, आणि ते वाचणारा प्रत्येक जण दुसऱ्याच्याच नांवाचीं पत्रें वाचीत असतो. लिहिणारा व घेणारा या दोघांस जें आधींच ठाऊक असतें तें पत्रांत येत नाहीं. आणि नेमकें तेंच नंतरच्या वाचकास ठाऊक नसतें. तें न शोधतां केवळ शब्दांवर भिस्त ठेवली तर काय होतें, हें पौलानें फिलेमोनास लिहिलेल्या पत्राच्या इतिहासावरून कळून येतें.

हें पत्र अवघ्या २५ वचनांचें आहे. इ. स. ५५ ते ६२ च्या सुमारास पौल बंदिवासांत असतां तें लिहिलें गेलें. हा बंदिवास इफिस येथील कीं रोम येथील, याविषयीं मतभेद आहेत. पत्र पौलाचेंच, याविषयीं मात्र विद्वानांत जवळजवळ एकमत आहे. फिलेमोन हा बहुधा आशिया मायनरमधील कलस्सै नगरचा गृहस्थ. त्याचा अनेसिम नांवाचा गुलाम पौलापाशीं आला व ख्रिस्ती झाला. पौल त्याला परत पाठवीत आहे आणि त्याचा स्वीकार करावा म्हणून धन्यास विनवीत आहे.

एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंतील गुलामगिरीच्या समर्थकांस या पत्राचा मोठा आधार वाटला. पळालेले गुलाम धन्याच्या स्वाधीन करण्याविषयींचा कडक कायदा १८५० सालीं झाला, तेव्हां त्याच्या पुष्ट्यर्थ हें पत्र पुढें करण्यांत आलें. त्यापूर्वीं जॉर्जिया प्रांतांत चार्ल्स कोलकॉक जोन्स या धर्मोपदेशकानें गुलामांपुढें या पत्रावर प्रवचन करून पळून जाण्याचा निषेध केला. निम्मे श्रोते उठून गेले, असें त्यानेंच लिहून ठेविलें आहे. बायबलांत असें पत्रच नाहीं, असेंही कांहींनीं त्याला बजावलें.

वस्तुतः अनेसिम पळाला होता असें पत्रांत कोठेंही म्हटलेलें नाहीं. तें नंतरच्या वाचकांचें अनुमान आहे. धन्याचा कोप झाल्यास गुलामानें धन्याच्या मित्राकडे मध्यस्थीसाठीं जावें, ही गोष्ट रोमन समाजांत घडत असे. केवळ तेवढ्यावरून त्यास पळपुटा समजूं नये, असें रोमन विधिज्ञांचें मत आहे. दुसऱ्या शतकाच्या आरंभीं धाकट्या प्लिनीनेंही साबिनियानस नामक मित्रास त्याच्या एका मुक्त केलेल्या दासाविषयीं असेंच रदबदलीचें पत्र लिहिलें. त्यानें राग सोडण्याची विनंति केली. पौल मात्र अनेसिमास गुलामाहून अधिक, प्रिय बंधु मानावें, किंबहुना प्रत्यक्ष पौलच आला असें समजून घरांत घ्यावें, असें मागतो.

सरकारी टपाल खासगी लोकांस उपलब्ध नव्हतें. म्हणून हें पत्र बहुधा अनेसिमानेंच नेलें असावें. ज्या धन्यास त्याला फटके मारण्याचा अधिकार होता, त्याच्याच हातीं तें द्यावयाचें होतें. परंतु मायन्यांत फिलेमोनाखेरीज अप्फिया, अर्खिप्प व घरांत जमणारी मंडळी यांचींही नांवें आहेत. पत्रें त्या काळीं मोठ्यानें वाचलीं जात. अर्थात् ही विनवणी सर्वांच्या कानांवर पडणार होती. कांहीं देणें असल्यास तें आपल्या नांवें मांडावें, असें पौल स्वहस्तें लिहितो, आणि आपल्या मुक्कामासाठीं खोली तयार ठेवण्यासही सांगतो. धन्याचें वर्तन पाहण्यास तो स्वतः येणार, हें ऐकणाऱ्यांस समजलें असेल.

गुलामगिरी नष्ट करावी, असें हें पत्र म्हणत नाहीं, हेंही मान्य केलें पाहिजे. फिलेमोनाचें उत्तर उपलब्ध नाहीं. तथापि गुलामाच्या बाजूनें धन्यास लिहिलेलें पत्र धन्याच्या बाजूनें गुलामांस ऐकविणें हा त्याचा विपर्यास होय. जॉर्जियांतील ते श्रोते उठून गेले, तेव्हां त्यांनीं जें नाकारलें तें पौलाचें पत्र नसून त्यावरील प्रवचन होतें.