हेल्मेटच्या आतला गोंगाट

हेल्मेट घातले की कान बंद होतात, मागचे काही ऐकू येत नाही, ही तक्रार पुण्यात हेल्मेटसक्तीचा विषय निघाला की हमखास कानावर येते. हायवेवर रोज मोटारसायकल चालवणाऱ्याला विचारावे. तो नेमके उलट सांगेल. वेग वाढला की हेल्मेटच्या आत वादळ सुरू होते. वारा कडांवर आणि हनुवटीखालच्या फटीवर आपटतो, त्याचे भोवरे होतात आणि त्यांची घरघर थेट कानाशी येते. ताशी १०० किलोमीटर वेगाला हा आवाज साधारण ९५ ते १०० डेसिबलपर्यंत जातो. इंजिनाचा आवाज त्यापुढे फिका पडतो.

या वादळात आता गाणेही शिरले आहे. हेल्मेटला बाहेरून एक छोटा ब्लूटूथ संच लावायचा, आत कानांच्या जागी अस्तराखाली दोन चपटे स्पीकर चिकटवायचे, तोंडाशी मायक्रोफोन. मग फोनमधली बाई रस्ता सांगते, मागच्या सीटवरच्या माणसाशी बोलता येते आणि हवे तर भीमसेन जोशींचा तोडीही ऐकता येतो. अडचण अशी, की हे स्पीकर कानाला चिकटलेले नसतात. ते बोटभर जरी सरकले तरी आवाज पातळ होतो. वाऱ्याची घरघर खर्जातली. त्यामुळे तबल्याचा डग्गा आधी नाहीसा होतो, मग बाकीचे. स्वार काय करतो? आवाज वाढवतो. म्हणजे ९५ डेसिबलच्या गोंगाटावर मात करण्यासाठी त्याहून मोठा गोंगाट तो स्वतःच्या खर्चाने विकत घेतो.

याचा हिशेब चक्रवाढीचा आहे. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने घालून दिलेली मर्यादा ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९४ डेसिबलला एक तास, १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे. पुण्याहून कोल्हापूरला चार तासांत जाणाऱ्याने ही मर्यादा कुठे ओलांडली, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आणि हे खाते असे, की त्यात पुन्हा भरणा होत नाही. प्रत्येक कानाच्या आत जन्मतः सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केशपेशी असतात. माणसात त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. गोंगाटाने आधी जातात त्या वरच्या पट्टीतल्या ध्वनींच्या. स, श, फ हे उच्चार तिथे राहतात. म्हणून अशा माणसाला बोलणे ऐकू येते, पण कळत नाही. ‘साठ’ म्हटले की ‘आठ’, याचा फरक काय पडतो ते बँकेच्या काउंटरवर बसलेल्याला विचारा.

यावर स्वारांनी काढलेला उपाय म्हणजे अस्तरातले स्पीकर बाजूला ठेवून कानाच्या आत बसणारे इअरफोन वापरणे. काही संचांना त्यासाठी वायर जोडायची सोय असते. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. फोमचे टोक कानात घट्ट बसवले, की असा इअरफोन आधी बूच असतो आणि मग स्पीकर. बाहेरचा आवाज तो सुमारे २० डेसिबलने खाली आणतो. शंभराचे ऐंशी होतात आणि मग गाणे किंवा सूचना हलक्या आवाजातही स्पष्ट येतात. फायदा आहे तो या बुचाचा. बूच बसवून आवाज पुन्हा वर नेला, तर वारा बरा म्हणायची वेळ येते.

पण मग हॉर्नचे काय? मोठ्या वेगात बूच वारा आणि हॉर्न दोन्ही सारखेच खाली आणते. हॉर्न बुडतो तो गाण्यात. शहरात मात्र हिशेब बदलतो. ताशी तीस-चाळीसला वारा फारसा नसतोच. तिथे रिक्षाची पिपाणी, पीएमटीचा ब्रेक, मागून घुसणारा स्कूटरवाला, हे सगळे कानानेच कळते. लक्ष्मी रस्त्यावर कान बंद करून फिरण्याला कुठलाच आधार नाही.

कायद्यांचेही यावर एकमत नाही. फ्रान्सने १ जुलै २०१५ पासून चालकाच्या कानात बसणाऱ्या इअरफोनला बंदी केली. हेल्मेटमध्ये बसवलेले स्पीकर मात्र चालतात. म्हणजे कानाला जास्त त्रास देणारी वस्तू चालते, कमी देणारी चालत नाही. कॅलिफोर्नियात दोन्ही कानांत इअरफोन घालायला मनाई आहे, पण हॉर्न ऐकू येईल अशा, निव्वळ संरक्षणासाठीच्या बुचांना सूट आहे. या सुटीत शहाणपण दिसते. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात हातात धरलेल्या फोनचा उल्लेख आला. कानातल्या वस्तूचा विचार स्वाराने स्वतःच करायला हवा.

वापरायचेच असेल तर काही पथ्ये आहेत. कानाबाहेर डोकावणारा कडक इअरफोन नको. हेल्मेट चढवताना तो सरकतो, तासाभरात पाळी दुखते आणि पडल्यावर तीच वस्तू कानावर दाबली जाते. कानाच्या साच्यावरून करून घेतलेले बूच सर्वांत चांगले. हेल्मेटच्या पट्ट्या बाहेर ओढून ते रुंद करावे, मग डोक्यात घालावे. गाव आले की इअरफोन काढावेत. हायवेवर गाण्यापेक्षा रस्त्याच्या सूचना ऐकाव्यात, आणि खंबाटकीसारख्या घाटात तेही बंद.

हिशेब जमला की नाही, हे मुक्कामाला पोहोचल्यावर कळते. कानात शिट्टी वाजत असेल, समोरच्याचे बोलणे कापसातून आल्यासारखे वाटत असेल, तर आवाज जास्त झाला असे समजावे. स्वयंपाकघरातून आलेला ‘चहा टाकू का?’ हा प्रश्न पहिल्याच वेळी समजला पाहिजे.