निसरपूरचा हिशेब राज्याच्या वहीत

सप्टेंबर 2019मध्ये नर्मदेवरचं सरदार सरोवर धरण पहिल्यांदाच 138.68 मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरलं आणि मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्याच्या कुक्षी तालुक्यातलं निसरपूर पाण्याखाली गेलं. ही चार घरांची वाडी नव्हती. कापड, किराणा, भांडी घ्यायला आसपासची आदिवासी गावं इथेच यायची. तरी या भागाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "तो भाग मुळातच मागास."

मुळातच? नर्मदाकाठचं निमाड म्हणजे कापूस, मिरची, केळी पिकवणारी काळी जमीन. नदीवर पंप बसवून इथले शेतकरी बागायत करत होते. बुडाली ती पडीक जमीन नव्हे. डोंगरातल्या भिल्ल-भिलाला गावांत दारिद्र्य होतं आणि आहे, पण शाळा, दवाखाना, रस्ता तिथवर पोचलाच नाही, याचा दोष मातीला किंवा माणसांच्या आळसाला देणं चूक आहे.

दुसरा समज मराठी घरांतही पक्का बसलाय : धरण गुजरातचं, फायदाही सगळा गुजरातचाच. नर्मदा पाणीतंटा लवादाने 1979मध्ये दिलेला निवाडा वेगळं सांगतो. धरणाच्या विजेतला 57 टक्के वाटा मध्य प्रदेशाचा, 27 टक्के महाराष्ट्राचा, गुजरातचा फक्त 16 टक्के. नर्मदेच्या वापरता येण्याजोग्या 28 दशलक्ष एकर-फूट पाण्यापैकी 18.25 मध्य प्रदेशाला, 9 गुजरातला. धरणातून कालव्याने निघणारं पाणी मात्र गुजरात आणि राजस्थानात जातं. मध्य प्रदेशाने आपला वाटा वरच्या अंगाला, स्वतःचे प्रकल्प बांधून उचलायचा.

म्हणजे कागदावर राज्यांची वाटणी झाली. पण बुडालं कोण? मध्य प्रदेशातली 193 गावं, महाराष्ट्रात नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33, गुजरातची 19. महाराष्ट्राची 27 टक्के वीज राज्याच्या जाळ्यात जाते. बुडालेल्या गावांतल्या, उदाहरणार्थ मणिबेलीच्या, माणसाचा त्यात वेगळा हक्क नाही. खरी दरी इथे आहे, आणि राज्याराज्यांची तुलना करताना ती दिसतच नाही.

सरासरीचं असंच आहे. नीती आयोगाच्या 2021च्या बहुआयामी दारिद्र्य अहवालात महाराष्ट्राचं प्रमाण सुमारे 15 टक्के होतं, नंदुरबारचं 52. मध्य प्रदेशाचं सुमारे 37 टक्के. त्यातल्या धारशेजारच्या अलिराजपूर जिल्ह्याचं 71, तर तिथून काही तासांवरच्या इंदूरचं 11च्या आसपास. खुद्द धार जिल्ह्यातच इंदूरला खेटून पीथमपूर आहे, मोटारींचे आणि औषधांचे कारखाने असलेलं. कारखान्यांचं उत्पन्न आणि नर्मदेकडच्या डही-निसरपूर भागातली मजुरी एकत्र करून जिल्ह्याचा जो आकडा निघतो, तो दोन्हीकडच्या कुणाचंच आयुष्य सांगत नाही.

"भरपाई मिळाली ना?" हा प्रश्न मला सगळ्यांत अस्वस्थ करतो. मिळाली, काहींना चांगली मिळाली. फेब्रुवारी 2017मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जमिनीच्या बदल्यात जमीन न मिळालेल्या 681 कुटुंबांना दोन हेक्टरांपोटी प्रत्येकी 60 लाख रुपये द्यायला सांगितलं. पण जमिनीला जमीन हा हक्क जमीनवाल्याचा. किराणा दुकानदाराला भिंतींचं मोल आणि पुनर्वसन वसाहतीत 60 बाय 90 फुटांचा भूखंड. त्याचं गिऱ्हाईक होतं चिखल्दा, कडमाल अशा नदीकाठच्या गावांत. ती गावंही उठली आणि आपापल्या वसाहतींत गेली. उधारीची वही हातात राहिली, तरी वसुलीला जायचं कुठे? गिऱ्हाइकाची भरपाई कुठल्याच तक्त्यात बसत नाही. केवट, कुंभार, शेतमजूर यांचं नुकसान तर याहून मोठं, कारण नदी आणि गाव हेच त्यांचं भांडवल.

केंद्र गरीब भागांना पैसे देतं, दरी आपोआप मिटेल, असंही मानलं जातं. पंधराव्या वित्त आयोगाच्या सूत्रात 45 टक्के भार दरडोई उत्पन्नातल्या तफावतीला होता, गरीब राज्याला अशा सूत्रातून जास्त मिळतं हे खरं. पण तो पैसा राज्याच्या तिजोरीत येतो. तिथून निसरपूर विकासखंडापर्यंत किती पोचवायचा, हे भोपाळ ठरवतं.

वाट नाही असं मुळीच नाही. 2015च्या खाण कायद्यातल्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठानं आली. जुन्या खाणपट्ट्यांच्या स्वामित्वधनाच्या 30 टक्क्यांइतकी, नव्यांच्या 10 टक्क्यांइतकी रक्कम खाणधारकाकडून खाण असलेल्या जिल्ह्याला मिळते, तीही बाधितांसाठी. कोळसा, लोहखनिज काढलं तर त्या जागेचा हक्क कायदा मानतो. सरदार सरोवराच्या विजेतला तसा वाटा कुक्षी, बडवानी, अक्राणीच्या नावे, वीज तयार होत राहील तोवर, दरवर्षी जमा व्हायला हवा.