केदारखंडातील पुष्पक

भाऊबीजेस श्रीकेदारनाथाची कपाटे मिटतात, देवाची उत्सवमूर्ती ऊखीमठाकडे प्रयाण करते आणि फाटा, शेरसी, गुप्तकाशी येथील हेलिकॉप्टरांचे तळही निःशब्द होतात. मंदाकिनीच्या खोऱ्यातील या लहानशा व्यवसायाचे पंचांग देवाच्याच पंचांगाशी जडलेले आहे. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आरंभ, पर्जन्यकाळी विराम, शरदात पुनश्च उड्डाण!

पहाटे प्रथम आकाश पाहावयाचे, मग प्रत्येक यात्रेकरूचे वजन करावयाचे. श्रीक्षेत्र ३,५८३ मीटर उंचीवर. तेथील हवा विरळ, त्यामुळे पात्यांस मिळणारी उचलही उणी. पाच-सहा जणांच्या त्या यंत्रात किलोकिलोचा हिशेब असतो. ढग केव्हा खोऱ्यात उतरतील याचा नेम नसतो.

२०१३ च्या प्रलयात जुनी वाट वाहून गेली. गौरीकुंडाहून सुमारे सोळा किलोमीटरांची चढण वृद्धांस दुष्कर. म्हणून या सेवेस मागणी वाढली. २०२३ पासून तिकिटे आयआरसीटीसीमार्फत मिळू लागली.

परंतु ऑक्टोबर २०२२ मध्ये गरुडचट्टीजवळ आणि १५ जून २०२५ रोजी गौरीकुंडानजीक प्रत्येकी सात जीव गेले. दुसऱ्या अपघातात आपल्या विदर्भातील एक कुटुंबही होते. दोन्ही वेळी हवा प्रतिकूल होती.

भाविकहो, वैमानिक 'आज उड्डाण नाही' म्हणाला, तर आम्ही त्यास देवाचीच आज्ञा मानू. त्याच्याशी हुज्जत नको, अधिक पैशांचे आमिषही नको. केदारनाथ कोठे जात नाही. दर्शन उद्याही घडेल.