वाडीच्या तोंडाशी

आत्याला कोकणातल्या आमच्या मालगुंडाहून पत्र जाई त्यावर वडील चारच गोष्टी लिहीत : चाळीचं नाव, वाडीचं नाव, गिरगाव रोड, मुंबई ४. पिन कोड १९७२ साली आला, पुढे ४च्या जागी ४००००४ झालं, पण वडिलांचं चार काही सुटलं नाही. पत्र पोचत असे. एवढ्या मोठ्या शहरात, हजार दुकानांच्या रस्त्यावर ते कसं पोचतं, हे कोडं मी १९७८ साली कॉलेजसाठी आत्याकडे राहायला गेले तेव्हा सुटलं. पोस्टमन रस्त्यावर कोणाला शोधतच नव्हता. तो वाडीच्या तोंडाशी पिशवी सरळ करी आणि आत वळे.

आमच्याकडे ‘वाडीत जाऊन ये’ म्हणजे माडांना पाणी लावून ये. वाडी म्हणजे नारळी-पोफळीचं आगर, आणि त्या आगराच्या आधाराने राहणारी वस्तीही वाडीच. मालगुंडच्या किनाऱ्यालाच गायवाडीचा किनारा म्हणतात. त्यामुळे एसटीच्या रात्रीच्या गाडीने पहाटे मुंबई सेंट्रलला उतरून गिरगावात शिरताना आतेभावाने आंबेवाडी, केळेवाडी, फणसवाडी अशी नावं घेतली, तेव्हा मी झाडं शोधू लागले. तो इतका हसला की पुढे वर्षभर शेजाऱ्यांना सांगत राहिला. ‘हिला फणसवाडीत फणस हवेत!’

माझं चुकलं होतं ते शंभर-दीडशे वर्षांनी, एवढंच. मलबार टेकडीच्या पायथ्याचं हे गाव, म्हणून गिरगाव, अशी व्युत्पत्ती सांगतात. पोर्तुगीजांनी इथल्या माडबागांना आपल्या भाषेत ‘ओर्ता’ म्हटलं, इंग्रजांच्या दप्तरात त्याचं ‘ओआर्ट’ झालं, आणि मराठी माणूस आधीपासून म्हणत होता तसं ‘वाडी’च म्हणत राहिला. माडावर चढणारे भंडारी इथले जुने रहिवासी. शहराचा कोट सोडून लोक बाहेर पसरले तशी एकेका बागेत घरं आली, मग चाळी. बागेचा बांध तोच वस्तीचा बांध राहिला. बागेत शिरायची वाट तीच वाडीचं तोंड झाली. गिरगावचा नकाशा म्हणजे माड काढून घेतलेलं कोकण आहे, असं मला त्यावर नजर टाकली की वाटतं. समुद्राकडची जमीन गुरचरणाची होती. १८३८ साली सरकारने चराईवर कर बसवला, तेव्हा जमशेटजी जीजीभॉयांनी वीस हजार रुपये खर्चून ठाकुरद्वाराजवळची कुरणं विकत घेतली आणि गुरं मोकळी चरू दिली. चर्नी रोड स्टेशनचं नाव त्या चरण्यावरून पडलं असं म्हणतात. रोज संध्याकाळी त्या स्टेशनातून बाहेर पडणाऱ्या लोंढ्यात आपण कुरणातून चालतोय हे कोणाच्या मनात येत असेल?

रस्ता आला तो या वाड्यांच्या दारावरून. धोबीतलावाकडून ठाकुरद्वार, प्रार्थना समाज करत ऑपेरा हाऊसच्या दिशेने जाणारा गिरगाव रोड; आता त्याचं नाव जगन्नाथ शंकरशेठ मार्ग. त्याच्या कडेला ज्या इमारती उभ्या राहिल्या त्यांच्या तळमजल्यावर दुकानं आणि वर बिऱ्हाडं. वाडीच्या आत मात्र दुकान क्वचितच. गिरणी, इस्त्रीवाला, फार तर एखादा वाणी. म्हणजे बाजार एका रेषेत, आणि त्या रेषेला काटकोनात घरं. मुंबईतल्या गजबजलेल्या बाजारपेठांत माणसं पिढ्यान्‌पिढ्या कशी राहू शकली, याचं उत्तर मी पुष्कळ ठिकाणी शोधलं. माझ्यापुरतं ते या काटकोनात सापडलं.

कारण मी दोन्हीकडे राहिले आहे. आत्याचं बिऱ्हाड वाडीत, आतल्या चाळीत. तिच्या जावेचं रस्त्यावरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. परीक्षेच्या दिवसांत आत्याकडे पाहुणे आले की माझी रवानगी जावेकडे होई. अंतर मोजून वीस-बावीस पावलं. पण जावेच्या घरी खिडकी उघडली की बोलणंच थांबवावं लागे. पहाटे दुधाच्या क्रेटचा खडखडाट, मग दुकानांची शटरं, दिवसभर बस आणि हातगाड्या, गणपतीत ढोल, लग्नसराईत खालच्या साडीवाल्याकडे बायकांच्या झुंडी. त्या काकू गप्पाही जरा मोठ्याने मारत. आमच्या वाडीत आल्या की आम्ही म्हणायचो, ‘काकू, इथे ऐकू येतं!’ आत्याच्या गॅलरीत दुपारी कुकरची शिट्टी कुठल्या घरातली ते ओळखू येई. सगळा बाजार हाकेवर, पण डोक्यावर नाही.

वाडीचं तोंड ही आणखी निराळीच जागा. ना रस्ता, ना घर. तिथे पानवाला, वर्तमानपत्रांचा फळा, गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणीचं टेबल, आणि संध्याकाळी उभी राहणारी पोरं. आत्याची ताकीद असे : ‘तोंडाशी उभी राहू नको गो. एकतर आत ये, नाहीतर कामाला जा.’ मुलग्यांना ही ताकीद नव्हती, हे तेव्हाही लक्षात आलं होतं. घरातली गाऊन-चप्पल चालण्याची हद्द तिथे संपे. कोथिंबीर आणायला त्याच वेषात तोंडापर्यंत जाता येई. रस्ता ओलांडायचा तर साडी नेसावी लागे.

या रस्त्यावर काय मिळत नव्हतं! पूजेचं सामान, पंचे, पितळी भांडी, चष्मे, मसाले, पुस्तकं. आणि कोकणातून आलेलं सगळं. कोकम, कुळथाचं पीठ, फणसपोळी, मिरगुंडं. मालगुंडात परसात जे वाळत पडायचं ते इथे बरणीत घालून मापाने विकलं जाई, याची मला सुरुवातीला गंमत आणि नंतर थोडी लाज वाटायची. गावाहून येताना आईने बांधून दिलेली आमसुलं संपली की आत्या वाटी घेऊन खाली जाई आणि सुटी आमसुलं आणी. पिशवी, पुडी काही नाही. वाटीच. दुकानदार हिशोब वहीत मांडी.

बाजार नुसता किराण्याचाही नव्हता. सँडहर्स्ट रोडवरच्या कॉरोनेशनमध्ये ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला, आणि १४ मार्च १९३१ला गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’. देशातला पहिला पूर्ण लांबीचा मूकपट आणि पहिला बोलपट, दोन्ही गिरगावकराच्या पायी जाण्याच्या टप्प्यात. ‘आलम आरा’च्या वेळी गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले होते. त्याच मॅजेस्टिकच्या आश्रयाने केशवराव कोठावळ्यांनी १९४२ साली पुस्तकांचा स्टॉल टाकला. तेच मॅजेस्टिक बुक स्टॉल, आणि १९६४पासूनचं ‘ललित’ मासिक त्यातूनच निघालं. मौज प्रकाशनाचा पत्ता खटाववाडीचा, मुंबई मराठी साहित्य संघाचा केळेवाडीचा. म्हणजे लेखकाने हस्तलिखित एका वाडीत द्यावं, छापील प्रत रस्त्यावर विकली जावी आणि नाटक दुसऱ्या वाडीत व्हावं. हा लेख वाचणाऱ्यांपैकी ज्यांनी दिवाळी अंक त्या फुटपाथवर उभ्याने चाळून, न घेता परत ठेवले असतील, त्यांना वेगळं सांगायला नको. (गिरगावावर लिहिताना ‘बटाट्याच्या चाळी’ला नमस्कार करून पुढे जायची रीत आहे, केला.)

आमच्या गावच्या कवी केशवसुतांनाही मुंबईने काही वर्षं ठेवून घेतलं होतं. मालगुंडात आज त्यांचं जन्मघर आणि कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेलं स्मारक आहे. मे १९९४मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. येणारे पर्यटक गणपतीपुळ्याहून वाकडी वाट करून येतात, माडांच्या सावलीत फोटो काढतात आणि समजतात की कविता इथेच सुचल्या. ‘तुतारी’ १८९३ची, आणि मुंबईत लिहिलेली. त्या दशकातली मुंबई म्हणजे नोकऱ्या शोधत हिंडणाऱ्या कोकणी तरुणांची, भाड्याच्या खोल्यांची. त्याच १८९३ साली गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती बसला. तीन वर्षांनी, सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत प्लेग निघाला. शहर रिकामं होऊ लागलं. केशवसुतही मुंबई सोडून खानदेशात शिक्षक झाले. पण प्लेगने त्यांना सोडलं नाही. ७ नोव्हेंबर १९०५ला हुबळीत त्यांचा आणि पाठोपाठ पत्नीचा मृत्यू झाला, तो त्याच रोगाने.

प्लेगनंतर १८९८ साली सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला. दाट वस्तीत समुद्राचा वारा शिरत नाही म्हणून रोग होतो, असा तेव्हाचा समज. त्यापायी वस्ती फोडून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते पश्चिमेकडून पूर्वेला काढले गेले. खरं तर रोग पसरत होता उंदरांवरच्या पिसवांनी. पण रस्ते झाले, आणि त्यांच्या दुतर्फा दुकानं लागली. गिरगावचा बाजार असा रोगाच्या भीतीनेही रुंदावला.

मग भाड्याचा कायदा. आत्या महिन्याला जे भाडं भरी त्यात तेव्हा एका माणसाचं नाटकाचं तिकीट आलं नसतं. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर बांधून टाकलं. युद्धकाळातल्या टंचाईवरचा तात्पुरता उपाय पन्नास वर्षं चालला. १९९९चा नवा कायदा ३१ मार्च २०००पासून लागू झाला, पण जुन्या भाडेकरूंचं संरक्षण राहिलंच. खोली सोडायची तर पागडी, आणि त्यातला वाटा मालकाला. याचे परिणाम दोन्ही तोंडांनी सांगावे लागतात. मालकाने डागडुजी सोडली. छपरं गळू लागली, जिने हलू लागले. १९६९ साली सरकारने दुरुस्ती मंडळ काढून उपकर बसवला, तेव्हा शहरात अशा उपकरप्राप्त इमारती १९ हजार ६४२ भरल्या. पण याच भाडे कायद्याने कारकून, शिक्षक, कंपाउंडर, विधवा बायका अशी माणसं शहरातल्या महागड्या बाजाराच्या डोक्यावर तीन पिढ्या टिकली. बाजारभावाने भाडं लागलं असतं तर वरची बिऱ्हाडं साठ सालीच गोदामं झाली असती. शेजारच्या भुलेश्वर-काळबादेवीत जाऊन वर बघा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

चाळीचं गुणगान करणाऱ्यांचा मला जरा राग येतो. शेवटच्या टोकाच्या चार संडासांपुढे सकाळी डबा घेऊन उभं राहायला लागायचं, पाणी पहाटे यायचं आणि दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं झोपायची. बाळंतीण आणि म्हातारा सासरा यांच्यामध्ये एक पडदा. आत्याला संधिवात झाल्यावर तिसऱ्या मजल्यावरून ती महिनोन्‌महिने उतरली नाही. एवढा बाजार खाली, पण तिला तो नुसता ऐकायचा. म्हणून पुनर्विकास आला आणि घरात न्हाणीघर मिळणार असं कळलं, तेव्हा ती रडली ती आनंदाने. आताच्या विकास नियमावलीच्या ३३ (७)प्रमाणे जुन्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट मिळतात, मालकीचे, भाड्याशिवाय. त्याबद्दल कोणी वाईट बोलू नये.

माझी तक्रार तोंडाबद्दल आहे. नवा टॉवर उभा राहतो तेव्हा खालचे मजले गाड्यांना जातात. रस्त्यालगत दुकानं परत मिळतात, कारण दुकानदारालाही हक्क आहे. मागे गाड्यांचा गड, आणि घरं सुरू होतात कुठल्यातरी सहाव्या-आठव्या मजल्यावर. काटकोन जातो. जी वस्ती बाजाराला लागून आडवी पसरली होती ती बाजारावर उभी राहते. वीस पावलांच्या जागी लिफ्ट येते, आणि लिफ्टमध्ये कोणी वाटी घेऊन उतरत नाही. गिरगावातल्याच खोताच्या वाडीत हे अजून पुरतं झालेलं नाही. तिथे एके काळी पासष्टच्या आसपास घरं होती. आता निम्मीही नाहीत, पण जी आहेत तिथे लाकडी जिने, ओटे आणि गल्ली अजून शाबूत आहेत. कोकणी-गोव्याकडच्या माशांसाठी नावाजलेलं अनंताश्रम याच वाडीतलं. एकट्याने राहणाऱ्या चाकरमान्यांचं ते जेवणघर. तेही बंद झालं.

मेट्रो-३ने आणखी काही इमारती नेल्या. गिरगाव आणि काळबादेवी ही दोन स्थानकं याच रस्त्याखाली बसवायची म्हणून वरच्या जुन्या इमारती पाडल्या आणि रहिवाशांना तिथेच घरं द्यायचं ठरलं. ऑक्टोबर २०२५मध्ये आचार्य अत्रे चौकापासून कफ परेडपर्यंतचा टप्पा सुरू झाला. मी मुद्दाम मालगुंडाहून आले आणि गिरगाव स्थानकावर उतरले. सरकत्या जिन्यांनी वर येताना वाटत होतं की कुठेही सोडलं तरी मला वाडी सापडेल. बाहेर आले तर दिशाच कळेना. दोन्ही बाजूंना पत्रे. शेवटी रस्त्याच्या आवाजावरून नाही, मसाल्याच्या दुकानाच्या वासावरून ओळख पटली.

आत्या आता नाही. तिच्या चाळीच्या जागी अर्धवट उभा टॉवर आहे. आतेभावाचं कुटुंब गेली काही वर्षं बोरिवलीला भाड्याने राहतं, बिल्डर देतो त्या भाड्यात, देतो तेव्हा. वहिनी मात्र महिन्यातून एकदा लोकलने चर्नी रोडला उतरते. एकदा मीही तिच्याबरोबर गेले. पूर्वी आम्ही इथे राहायचो. आता आम्ही इथे खरेदीला येतो. तिने चकल्यांची भाजणी घेतली, उटणं घेतलं आणि आमसुलं मागितली. दुकानात आता मुलगा बसतो, बाप मागे खुर्चीवर. बापाने तिला ओळखलं.

‘वहिनी,’ तो म्हणाला, ‘आज वाटी नाही आणलीत?’

वहिनी हसली. ‘गाडीत सांडेल हो,’ ती म्हणाली. ‘पिशवीतच बांधा.’