रंग आणि रंगाभाव : लार्तिगच्या छायाचित्रांतील निवड

छायाचित्रात रंग असणे वा नसणे हा केवळ शोभेचा प्रश्न आहे, असा समज सर्वसाधारणतः आढळतो. झाक आंरी लार्तिग (१८९४–१९८६) या फ्रेंच छायाचित्रकाराची कृती पाहिली असता हा समज टिकत नाही. लार्तिग स्वतःस चित्रकार मानीत असे. छायाचित्रण हा त्याचा बालपणापासूनचा छंद होता. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात १९६३ साली प्रदर्शन भरले, तेव्हा कोठे त्याची छायाचित्रे रसिकांच्या दृष्टीस पडली.

त्याच्या १९०५ मधील एका कृष्णधवल छायाचित्रात बिशोनाद ही त्याची नातलग तरुणी पायऱ्यांवरून उडी घेताना अधांतरी दिसते. त्या काळी हौशी माणसास रंगाची सोय नव्हती. म्हणून येथे रंगाचा अभाव हा निवडीचा भाग म्हणता येत नाही.

१९०७ साली ल्यूमिएर बंधूंच्या 'ऑटोक्रोम' काचा विक्रीस आल्या आणि ही स्थिती पालटली. या काचेवर नारिंगी, हिरव्या व जांभळ्या रंगांत रंगविलेल्या बटाट्याच्या स्टार्चच्या सूक्ष्म कणांचा थर असे व त्यावर प्रकाशग्राही लेप असे. कणांचा थर बराचसा प्रकाश शोषून घेई. त्यामुळे उन्हातही एखादा सेकंद वा त्याहून अधिक काळ प्रकाश आत घ्यावा लागे. उडी टिपणे अर्थातच अशक्य होते. लार्तिगने सुमारे दीड दशक या काचा वापरल्या. १९२० मधील एका रंगीत चित्रात त्याची पत्नी बिबी भोजनगृहातील मेजाशी निवांत बसलेली आहे. वेग कृष्णधवलाकडे आणि विसावा रंगाकडे, अशी ही विभागणी प्रथमतः साधनाने लादलेली होती; लार्तिगने तिलाच अभिव्यक्तीचे रूप दिले.

मराठीत प्रथमेचा प्रत्यय शून्य असतो. तरीही इतर विभक्तींच्या विरोधामुळे ते शून्य अर्थवाहक ठरते. रंगाभावाचेही तसेच आहे. रंग शक्य असताना तो टाळला, तरच त्या टाळण्यास अर्थ प्राप्त होतो.

आजच्या अंकीय कॅमेऱ्याने घेतलेल्या एकाच चित्राची रंगीत व कृष्णधवल अशी दोन्ही रूपे मागाहून करता येतात. साधनाची सक्ती सरली आहे. तेव्हा अमुकच रूप का, या प्रश्नाचे उत्तर आता सर्वस्वी छायाचित्रकारानेच द्यावयाचे आहे.