वाघोलीचा निळा दगड : ऐकीव आणि खरं

वाघोली 2021 साली पुणे महानगरपालिकेत आली. त्यामुळे जगभरचे संग्राहक ज्या खनिजासाठी हपापलेले असतात, त्याचं सर्वांत नामांकित ठिकाण आता चक्क पुणे शहराच्या हद्दीत आहे. खनिजाचं नाव कॅव्हनसाइट. नगर रस्त्यावरून रोज जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते माहीत असेल. ज्यांना माहीत आहे, त्यांच्यातही त्याबद्दलच्या चुकीच्या समजुती भरपूर आहेत, आणि त्यातल्या काही विकणाऱ्यांनीच पसरवलेल्या आहेत.

आधी वस्तू ओळखून घेऊ. पांढऱ्या किंवा फिकट गुलाबी स्टिल्बाइटच्या स्फटिकांवर मोरपंखी निळ्या सुयांचे लहान लहान गोळे बसलेले असतात. बहुतेक गोळे सेंटिमीटरभर किंवा त्याहूनही लहान असतात; दोन-तीन सेंटिमीटरचा गोळा मोठा समजला जातो. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिका आणि पाणी एवढाच त्याचा मालमसाला. हिशेब मांडला तर वजनात साधारण 53 टक्के सिलिका, 16 टक्के पाणी आणि 11 टक्क्यांच्या थोडं वर व्हॅनेडियम निघतं. नावही या घटकांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरूनच जुळवलेलं आहे.

“एवढा निळा म्हणजे तांबं असणार, नाहीतर रंग दिलेला असणार”

दोन्ही शंका स्वाभाविक आहेत. मोरचूद निळं असतं, अझुराइट निळं असतं, आणि दोन्हींत तांबं असतं. बाजारात रंगवलेले अगेटही ढिगाने मिळतात. पण कॅव्हनसाइटमध्ये तांब्याची गरजच नाही. त्यातलं व्हॅनेडियम चार धन विद्युत्भारांच्या अवस्थेत असतं आणि एका ऑक्सिजनशी घट्ट जखडलेलं असतं. ही जोडी प्रकाशातला तांबूस-पिवळा भाग शोषून घेते, म्हणून उरलेला निळा डोळ्यांना दिसतो. हेच व्हॅनेडियम आणखी ऑक्सिडीकरण होऊन पाच विद्युत्भारांवर गेलं की त्याची खनिजं पिवळी, नारिंगी, लाल होतात. म्हणजे रंग धातूच्या नावावर ठरत नाही, तो धातू कोणत्या अवस्थेत अडकला यावर ठरतो. मला या खनिजातली सगळ्यात रंजक गोष्ट हीच वाटते. ऑक्सिजन जरा जास्त मिळाला असता तर वाघोलीचा हा निळा मुळी निळा राहिलाच नसता.

“व्हॅनेडियम आहे म्हणजे खाली धातूची खाण असेल”

या समजुतीपाशी जरा थांबायला हवं, कारण तिला चांगलं ऐतिहासिक कारण आहे. व्हॅनेडियमचा शोधच मुळी शिशाच्या खनिजातून लागला. आंद्रेस मान्युएल देल रिओ यांनी 1801 मध्ये मेक्सिकोतल्या सिमापानच्या तपकिरी शिसे-धातुकात एक नवं मूलद्रव्य ओळखलं. पुढे शंका काढली गेली आणि त्यांनी आपला दावा मागे घेतला. मग 1830 मध्ये स्वीडनचे सेफ्स्ट्रॉम यांना तेच मूलद्रव्य लोखंडात पुन्हा सापडलं आणि आजचं नाव मिळालं. देल रिओंचं ते धातुक म्हणजे व्हॅनेडिनाइट : शिसं, व्हॅनेडियम, ऑक्सिजन आणि क्लोरीन.

त्याचंच सख्खं भावंड मिमेटाइट. रचना तशीच, फक्त व्हॅनेडियमच्या जागी आर्सेनिक. हे शिशाचं आर्सेनेट, आणि त्याच्या वजनातलं जवळजवळ 70 टक्के शिसंच असतं, शिवाय सुमारे 15 टक्के आर्सेनिक. त्याहून दुर्मीळ शुल्टेनाइट. नामिबियातल्या त्सुमेब खाणीतल्या नमुन्यांवरून एल. जे. स्पेन्सर यांनी 1926 मध्ये त्याचं वर्णन केलं. गंमत अशी, की संग्राहक ज्याला जपून कपाटात ठेवतात त्या शुल्टेनाइटचं रासायनिक सूत्र आणि अमेरिकेतल्या सफरचंदाच्या बागांवर दशकानुदशकं फवारलेल्या लेड आर्सेनेट कीटकनाशकाच्या नेहमीच्या रूपाचं सूत्र एकच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पतंगांच्या अळ्यांवर त्याचा वापर सुरू झाला, डीडीटी येईपर्यंत जोरात चालला, आणि त्यातलं शिसं-आर्सेनिक जुन्या फळबागांच्या मातीत आजही सापडतं.

ही सगळी मंडळी राहतात एकाच प्रकारच्या घरात : शिशाच्या धातुकाचा वरचा भाग, जिथे हवा आणि पाणी पोचून मूळ सल्फाइड खनिजं कुजतात. पुण्याच्या काळ्या कातळात असं शिशाचं धातुक नाहीच. म्हणून इथल्या दगडखाणीत मिमेटाइट किंवा शुल्टेनाइट शोधणं व्यर्थ. आणि म्हणूनच कॅव्हनसाइट चमत्कारिक आहे : व्हॅनेडियमने शिशाची संगत सोडून सिलिकेटमध्ये बिऱ्हाड केलं.

मग व्हॅनेडियम आलं कुठून? कातळातूनच. बेसाल्टमध्ये ते मॅग्नेटाइट आणि पायरॉक्सीन या खनिजांत विखुरलेलं असतं, टनामागे काही शे ग्रॅम. भूकवचाचा विचार केला तर व्हॅनेडियमचं प्रमाण तांब्यापेक्षा आणि शिशापेक्षाही जास्त आहे. दहा टन खडी घेऊन जाणाऱ्या डंपरमध्ये तीनेक किलो व्हॅनेडियम असू शकतं, आणि ते एखाद्या संग्राहकाच्या अख्ख्या कपाटातल्या कॅव्हनसाइटपेक्षा जास्त भरेल. त्यामुळे वाघोलीत कुणी व्हॅनेडियम काढायला कधीच खाण घातली नाही आणि घालणारही नाही. पोलाद मजबूत करायला लागणारं व्हॅनेडियम जगात मुख्यतः टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटमधून आणि पोलाद कारखान्यांच्या मळीतून मिळतं. मूलद्रव्य दुर्मीळ नाही. ते एका ठिकाणी गोळा होऊन योग्य अवस्थेत थांबणं दुर्मीळ आहे.

वाघोलीत खोदकाम झालं ते खडीसाठी. पुणे वाढत होतं, स्लॅब ओतायला खडी हवी होती. सुरुंग लावले, दगड फुटला, क्रशरकडे गेला, आणि मध्येच कुणाच्या तरी नजरेला निळं काही दिसलं. हे खनिज जगाला मिळालं ते भूवैज्ञानिकांच्या मोहिमेतून नाही, तर घण आणि पहार चालवणाऱ्या माणसांच्या नजरेतून. ते दिसलं नसतं तर आज कुठल्यातरी सोसायटीच्या पार्किंगखाली काँक्रीटमध्ये असतं. तसं किती गेलं असेल, याचा हिशेब नाही.

“लाव्हा थंड होताना हे स्फटिक तयार झाले”

शाळेच्या पुस्तकातून आलेली ही अर्धवट समजूत. दख्खनचे लाव्हाथर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरले. त्यात वायूंचे बुडबुडे अडकून आंबोळीच्या जाळीसारख्या पोकळ्या राहिल्या, एवढं खरं. पण पोकळी तयार होणं आणि ती स्फटिकांनी भरणं या दोन वेगळ्या घटना आहेत. भरण्याचं काम नंतर, खडकातून झिरपणाऱ्या कोमट-गरम पाण्याने, अनेक टप्प्यांत केलं. दख्खनमधल्या पोकळ्यांतल्या काही ॲपोफिलाइट स्फटिकांची किरणोत्सर्गी पद्धतीने वयं काढली तेव्हा ती पॅलिओजीन ते मायोसीनच्या सुरुवातीपर्यंत पसरलेली निघाली. म्हणजे काही स्फटिक लाव्हा थंडावल्यानंतर कोट्यवधी वर्षांनी वाढलेले आहेत. वाघोलीत कॅव्हनसाइट सापडतं तो भाग तर गुळगुळीत पोकळ्यांचाही नाही. तिथे तुकड्यातुकड्यांनी बनलेला, फटीफटींचा भंगलेला कातळ आहे. पाण्याला फिरायला जागा तिथेच जास्त.

“हा झिओलाइटचाच प्रकार”

जवळपास, पण नाही. स्टिल्बाइट, ह्युलँडाइट, मोर्डेनाइट हे त्याचे शेजारी झिओलाइट आहेत. कॅव्हनसाइटमध्येही झिओलाइटसारखं, तापवलं की टप्प्याटप्प्याने निघून जाणारं पाणी असतं. मात्र त्याच्या सांगाड्यात सिलिकेटच्या थरांना जोडणारे दुवे व्हॅनेडियमच्या चौकोनी पिरॅमिडचे आहेत, आणि झिओलाइटच्या व्याख्येत चतुष्फलकांचाच सांगाडा लागतो. तापवल्यावर वाघोलीचं कॅव्हनसाइट कसं वागतं, यावर पुण्याच्या ए. व्ही. फडके आणि ए. आपटे यांचा शोधनिबंध 1994 मध्ये ‘मिनरलॉजिकल मॅगझीन’मध्ये आला. पुढे 2001 मध्ये के. बी. पोवार आणि के. बैरप्पा यांनी क्ष-किरण आणि अवरक्त अभ्यास मांडला. इथल्या दगडाचा अभ्यास परदेशीच करतात, असं म्हणणाऱ्यांसाठी एवढं पुरे.

“जगात फक्त पुण्यात मिळतं”

नाही. पहिला मान अमेरिकेतल्या ओरेगनचा. लॉइड स्टेपल्स, हॉवर्ड एव्हान्स आणि जेम्स लिंडसे यांनी 1973 मध्ये तिथल्या नमुन्यांवरून कॅव्हनसाइट आणि पेंटागोनाइट या दोन खनिजांचं एकत्र वर्णन केलं. न्यूझीलंड आणि ब्राझीलमधूनही त्याच्या नोंदी आहेत. पण तिथले स्फटिक बारीक आणि थोडके. भिंगाशिवाय बघवेल असं, हातात घेऊन मिरवावं असं कॅव्हनसाइट म्हणजे वाघोली. तिथून मुबलक नमुने 1980 च्या दशकाच्या अखेरीस बाहेर येऊ लागले. रुस्तम कोठावाला यांनी 1991 मध्ये ‘मिनरलॉजिकल रेकॉर्ड’मध्ये या ठिकाणावर लेख लिहिला आणि वाघोली हे नाव जगभरच्या प्रदर्शनांत उच्चारलं जाऊ लागलं, बरेचदा चुकीचं. “फक्त पुण्यात” असं अभिमानाने सांगण्यापेक्षा “सर्वोत्तम पुण्यात” हे सांगावं. ते खरंही आहे आणि पुरेसं मोठंही.

पेंटागोनाइटचा उल्लेख आलाच आहे, तर तेही बघू. दोन्हींचं रासायनिक सूत्र एकच, अणूंची मांडणी वेगळी. पेंटागोनाइट चपट्या पात्यांसारखं वाढतं, पाच स्फटिक जुळून पंचकोनी फुलासारखी जुळणी करतं, आणि कॅव्हनसाइटपेक्षाही विरळ आहे. तेही वाघोलीतून मिळालं आहे. नुसत्या निळ्या रंगावरून दोन्ही ओळखू म्हणणाऱ्याने आधी भिंग घ्यावं.

“दुर्मीळ आहे म्हणजे रत्न आहे”

कठीणपणा तीन ते चारच्या मध्ये. तांब्याचं नाणं साधारण साडेतीन. अंगठीत बसवला तर आठवड्याभरात चुरा होईल. त्याची किंमत स्फटिकाच्या ठेवणीला असते : गोळा अखंड आहे का, पाया तुटलेला नाही ना, निळ्या-पांढऱ्याचा मेळ कसा आहे. ब्रशने घासून स्वच्छ करायला गेलात तर सुया मोडतात, आणि मोडल्या की किंमतही मोडते. राहता राहिला तिसरा डोळा उघडण्याचा आणि स्मरणशक्ती वाढण्याचा दावा. त्याला काडीचा पुरावा नाही. स्फटिक बुडवून ते पाणी पिण्याची जी टूम आहे, ती तर कुठल्याच खनिजाच्या बाबतीत करू नये. कॅव्हनसाइट हाताळून काही होत नाही, पण त्याच कपाटात मिमेटाइट असलं आणि हात न धुता डबा उघडलात, तर खेळ वेगळा आहे.

“चिठ्ठीवर पूना लिहिलंय, म्हणजे पुण्याचंच”

जुन्या संग्रहांत हा घोळ फार आहे. पुणे परिसराचं नाव खनिजविश्वात निदान 1831 पासून आहे. त्या वर्षी ब्रुक यांनी इथल्या एका खनिजाला पूनाह्लाइट म्हटलं, पुढे ते आधीच माहीत असलेलं एक झिओलाइट निघालं. नंतर बोरघाटातल्या रेल्वेच्या कामात कातळ फोडला गेला तेव्हा स्फटिकांचे ढीग निघाले, आणि पाषाणच्या खाणींतल्या हिरव्या ॲपोफिलाइटने विसाव्या शतकात नाव कमावलं. परिणामी व्यापाऱ्यांना ‘पूना’ हा शिक्काच सोयीचा झाला. नाशिककडचा, जळगावकडचा, औरंगाबादकडचा माल, सगळा त्याच नावाने परदेशी गेला. खाणीचं नाव मुद्दाम लपवण्यात धंद्याचा फायदाही होता. गिऱ्हाईक थेट तिथे पोचू नये म्हणून. म्हणून जुन्या ॲपोफिलाइटच्या चिठ्ठीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. कॅव्हनसाइटबाबत मात्र दगडच साक्ष देतो : टपोरे निळे गोळे, खाली स्टिल्बाइट, म्हटलं की वाघोलीच धरा.

फसवणूक होते ती वेगळ्या ठिकाणी. सुटा झालेला निळा गोळा दुसऱ्याच एखाद्या देखण्या स्टिल्बाइटवर डिंकाने चिकटवून देतात. दोन्ही खरे, जोडी खोटी. गोळ्याच्या बुडाशी भिंगातून बघावं : खरा असेल तर सुया खालच्या स्फटिकांत गुंतलेल्या दिसतात, चिकटवलेला असेल तर चकाकणारी कड किंवा एखादा बुडबुडा दिसतो. अतिनील दिव्याखाली पुष्कळ डिंक पांढरट-निळसर उजळतात. विकणारा दिवा लावू देत नसेल तर पैसे खिशातच ठेवावेत. आणि घेतलाच, तर चिठ्ठीवर नुसतं ‘पुणे’ न लिहिता ‘वाघोली’ लिहावं, खाणीचं नाव कळलं तर तेही. नाशिकजवळ सिन्नरला गारगोटी संग्रहालय आहे. घेण्यापूर्वी तिथे जाऊन दख्खनच्या पोकळ्यांतली खनिजं एकदा नीट बघितली, तर विकणाऱ्याच्या अर्ध्या गोष्टी ऐकाव्याच लागणार नाहीत.