तसबिरीचा घोटाळा
लेखमाला : छोट्या पडद्यामागील व्यवहार – लेखांक 7

गेल्या लेखांकात गाण्याच्या स्पर्धांतील मतमोजणीची शहानिशा केली. या खेपेस त्याहून नाजूक प्रकरण हाती घेतो. सोलापूरच्या पूर्व भागात मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांच्या घोळक्यात दूरचित्रवाणी चालू असते, आणि पती-पत्नींची वा प्रेमिकांची परस्परांशी झालेली प्रतारणा उघडकीस आणणारा एखादा कार्यक्रम लागला की मराठीत किंवा तेलुगूत हमखास प्रश्न निघतो : “हे खरं असतं, का सगळं ठरवून करतात?” प्रश्न रास्त आहे, परंतु त्याचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दाच्या निवाड्यात मावणारे नाही.

आपल्याकडे या प्रकाराचा ठळक नमुना म्हणजे यूटीव्ही बिंदास या हिंदी वाहिनीवर डिसेंबर 2009 मध्ये सुरू झालेला ‘इमोशनल अत्याचार’ हा कार्यक्रम. अंगद बेदी हा त्याचा पहिला सूत्रधार. पुढे ते काम प्रवेश राणा याजकडे आले. त्याची घडण अमेरिकेत 2000 साली निघालेल्या ‘चीटर्स’ या कार्यक्रमाच्या वळणाची होती, तथापि दोहोंत एक महत्त्वाचा भेद होता. ‘चीटर्स’मध्ये फिर्यादीच्या सांगण्यावरून हेर नेमून संशयिताचा पाठलाग केला जाई, म्हणजे जे अगोदरच घडत असेल ते टिपल्याचा निदान दावा तरी असे, ‘इमोशनल अत्याचार’मध्ये मात्र निष्ठेची परीक्षा घेतली जाई, म्हणजे कार्यक्रमानेच पाठविलेली एखादी देखणी व्यक्ती संशयिताशी सलगी करी, छुपे कॅमेरे ती सलगी टिपीत, आणि फिर्यादी सूत्रधाराच्या शेजारी बसून तो सारा प्रकार पडद्यावर पाहत असे. परीक्षा हे नाव दिले तरी ज्या अपराधाचा शोध घ्यावयाचा त्याचा प्रसंग शोधकानेच उभा केलेला असतो. आणि म्हणून संशयित हा पगारी नट नसून खरोखरीचा प्रियकर असला, तरीही घटना रचलेलीच राहते.

नट असल्याचे आरोपही झाले आहेत, हे खरे. 2009 साली ‘इनसाइड एडिशन’ या अमेरिकी वृत्तकार्यक्रमात ‘चीटर्स’मध्ये दिसलेल्या काही मंडळींनी आपण पैसे घेऊन अभिनय केल्याचे सांगितले, उलटपक्षी, आपण दाखवितो त्या सत्यकथाच होत, हा कार्यक्रमाचा दावा होता. दूर बसलेल्या प्रेक्षकाला या वादाचा निकाल लावता येणार नाही, परंतु चित्राची बारकाईने तपासणी त्याला खचित करता येईल. फिर्यादी बाई दार ढकलून उपाहारगृहात शिरते तेव्हा तिचा चेहरा समोरून, म्हणजे आतल्या बाजूने, दिसत असेल, आणि दुसऱ्याच क्षणी दचकलेल्या पुरुषाचा चेहरा दाराच्या बाजूने दिसत असेल, तर कॅमेरे दोन असून त्यांतील एक अगोदरच आत मांडून ठेवलेला होता, हे उघड आहे. रहदारीच्या गोंगाटात संशयिताचा दबलेला उद्गारही स्वच्छ ऐकू आला, तर ध्वनिग्राहक त्याच्या जवळपास कोणी आणि केव्हा ठेवला, असे विचारावे. आणि एवढी बेअब्रू होऊनही त्याचा चेहरा झाकलेला नसेल, तर त्याने प्रक्षेपणास लेखी संमती दिली आहे काय, आणि दिली असल्यास कशाच्या मोबदल्यात, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा.

याउपर संकलनाचा अधिकार उरतोच. तासन्‌तासांच्या चित्रणातून काही मिनिटे ठेवावयाची, कोणत्या वाक्यानंतर कोणाचा चेहरा दाखवावयाचा हे ठरवावयाचे, आणि मधली शांतता पार्श्वसंगीताने भरून काढावयाची. तेंदूचे पान जंगलातले खरे असते, पण विडीला लागणारा आकार त्याला पत्र्याचे माप आणि कातरी देते. तसेच येथे चित्रण खोटे असण्याची गरज नसते, कातरी पुरेशी असते.

ही गोष्ट मराठी रंगभूमीला नवी नाही. गोविंद बल्लाळ देवलांनी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ हे नाटक 1890 मध्ये रंगभूमीवर आणले. मूळ नाटकात इयागो हा ऑथेल्लोला आडोशाला उभा करून कॅसिओला बोलते करतो. कॅसिओ हसतो भलत्याच बाईच्या गोष्टीवर, आणि आडोशातून पाहणारा पती ते हसणे स्वतःच्या पत्नीविषयीचे समजतो. पुढे छुपा कॅमेरा आला, तरी मांडणी हीच राहिली : एक संशयी, एक बेसावध, आणि दोघांच्या मधोमध प्रसंग जुळविणारा तिसरा. याच देवलांचे विनोदी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ पुढे 1916 साली ‘संगीत संशयकल्लोळ’ या रूपाने अवतरले. तेथे घेरी आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, ते त्याच्या पत्नीच्या, कृत्तिकेच्या, दृष्टीस पडते. आणि रेवतीजवळची तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची, तसबीर कृत्तिकेच्या हाती गेल्यावर ती तसबीर फाल्गुनराव पाहतो. तसबीर अस्सल, पाहणाऱ्याचे डोळे शाबूत, आणि तरीही निष्कर्ष सपशेल चुकलेला! फरक इतकाच की ‘संशयकल्लोळा’त घोटाळा दैवयोगाने होतो, आणि वाहिनीवर त्यासाठी माणसे नेमलेली असतात.

कायद्याने प्रतारणेच्या याच विषयाला किती निराळी वागणूक दिली आहे, तेही पाहावे. भारतीय दंडसंहितेचे कलम 497 सर्वोच्च न्यायालयाने 27 सप्टेंबर 2018 रोजी रद्दबातल ठरविल्यापासून व्यभिचार हा फौजदारी गुन्हा उरला नाही, परंतु घटस्फोटाचे कारण म्हणून तो आजही हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 मध्ये कायम आहे. त्याच 1955 च्या कायद्याचे कलम 22 असे फर्मावते की अशा दाव्याची सुनावणी बंद दाराआड व्हावी व तिचा तपशील कोणी छापू वा प्रसिद्ध करू नये. तेथे चित्रफीत हजर करावयाची तर ती कोणत्या यंत्रावर, कशी तयार झाली याचे प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि प्रतिपक्षाला उलटतपासणीचा हक्क असतो. वाहिनीवरील दरबारात यांपैकी काहीच नसते : दारे सताड उघडी, पुरावा कातरलेला, आणि प्रसंग रचणारा, पुरावा मांडणारा व निवाडा सुचविणारा एकच.

मात्र रचनेतून निघणारे परिणाम रचलेले नसतात. इंग्लंडमध्ये ‘द जेरेमी काइल शो’ या कार्यक्रमात असत्यशोधक यंत्राने एका माणसाला प्रतारणेच्या प्रश्नावर खोटा ठरविले. काही दिवसांत त्याचा मृत्यू झाला, आणि 2005 पासून चालू असलेला तो कार्यक्रम मे 2019 मध्ये आयटीव्ही वाहिनीने कायमचा बंद केला. सारे खोटेच आहे असे समजून करमणूक करून घेणाऱ्या प्रेक्षकाने हे ध्यानात ठेवावे. आणि सारे खरेच मानून आपल्या घरातल्या माणसाची अशीच परीक्षा पाहू इच्छिणाऱ्याने तर अधिकच. अशा परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या माणसालाही, आपल्यावर पाळत ठेवली होती, हे एक दिवस कळतेच. आणि मग विश्वासघात कोणी केला, या प्रश्नाचे उत्तर फिर्यादीच्या बाजूचे असेलच असे नाही.

असत्यशोधक यंत्र नेमके काय मोजते, आणि 2009 च्या ‘सच का सामना’ या कार्यक्रमाने त्याच्या आधारे संसदेपर्यंत पोहोचलेला गदारोळ कसा माजविला, याचा विचार पुढील लेखांकात.